तुमचे प्रश्न, न्यायवैद्यकाची उत्तरं

प्रश्न: डाळिंबावर औषध फवारून आल्यावर माझ्या भावाला उलट्या, दरदरून घाम सुटला, तोंडाला फेस आला. सोलापूरला आठवडाभर आयसीयूत होता, तिथेच गेला. व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतले अवयव) राखून ठेवला होता. आता सीए रिपोर्ट (प्रयोगशाळेतल्या रासायनिक तपासणीचा अहवाल) आलाय, 'विष आढळले नाही'. गावात म्हणतात, हार्टचंच असणार. आम्ही काय समजायचं?
– एक वाचक, सांगोला तालुका

उत्तर: दादा, या एका ओळीवर भावाच्या मृत्यूचा निकाल लावू नका. सोलापुरात शवविच्छेदन करताना असे रिपोर्ट मी कितीतरी पाहिले आहेत.

प्रयोगशाळेत काय जातं? जठर आणि त्यातला ऐवज, आतड्याचा तुकडा, यकृत, मूत्रपिंडाचा भाग. बरणीच्या तळाशी न विरघळलेलं मीठ दिसेल, इतक्या दाट मिठाच्या पाण्यात ते ठेवतात. रक्ताची बाटली वेगळी. पण तुमच्या भावाच्या अंगात औषध गेलं ते बहुधा कातडीतून आणि श्वासातून. पोटात सापडणार काय? शिवाय आठवडाभरात यकृताने ते फोडलं, लघवीवाटे बाहेर गेलं.

औषध निघून गेलं तरी त्याने केलेलं नुकसान मागे राहतं. फवारणीची बरीच औषधं ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली. ती कोलिनेस्टरेज हे एन्झाइम बंद पाडतात. मग घाम, लाळ, फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. रक्तातलं हे एन्झाइम भरून यायला आठवडे लागतात, लाल पेशींतलं तर त्याहून जास्त. मृत्यूनंतरच्या रक्तातही ते मोजता येतं. मात्र यकृताच्या आजारातही ते कमी होतं, आणि नेमकं कुठलं औषध होतं हे त्यावरून कळत नाही. कार्बामेट गटातलं औषध असेल तर एन्झाइम लवकर सावरतं, आकडा नॉर्मलही येऊ शकतो.

म्हणून दवाखान्यातून केसपेपरची पूर्ण नक्कल काढा. भरती केल्या दिवशीचं कोलिनेस्टरेज किती, बाहुल्यांची नोंद काय, अॅट्रोपिन (या विषावरचा उतारा) किती आणि किती दिवस दिलं, हे बघा. नक्कल तपास अधिकाऱ्यांना द्या आणि ती शवविच्छेदन केलेल्या डॉक्टरांपुढे ठेवायला लेखी अर्जाने सांगा. अंतिम कारण तेच देतात, आणि ते देताना शवविच्छेदन, उपचाराची कागदपत्रं आणि सीए रिपोर्ट तिन्ही एकत्र बघायचे असतात. हार्टचं म्हणाल तर शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाचा रकाना आहे, रक्तवाहिन्यांत अडथळा होता का ते तिथे वाचा. गावच्या बोलण्यापेक्षा तो रकाना खरा.

घाईत 'नैसर्गिक मृत्यू' लिहिलं जाऊ देऊ नका. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत कीटकनाशक हाताळताना झालेली विषबाधा बसते, आणि मृत्यू झाल्यास वारसांना 2 लाख रुपये मिळतात. वहिनींसाठी ती रक्कम लहान नाही.

औषधाची बाटली अजून शेतावर असेल तर धुऊ नका, फेकू नका. लेबलासकट पंचनामा करून पोलिसांच्या ताब्यात द्या.