टँकर, अवाक्स यांसारखी मोठी लष्करी विमानं शत्रूच्या लढाऊ विमानांपासून स्वतःला कशी वाचवतात?

तुमच्या प्रश्नात दोन प्रश्न आहेत. अवाक्स (हवेतून रडारने लांबवर नजर ठेवणारं विमान), टँकर (उडत्या विमानांना हवेतच इंधन देणारं), ग्लोबमास्टर (मालवाहू) अशा अगडबंब विमानावर शत्रूचं लढाऊ विमान चालून आलं तर ते काय करतं, हा एक. आणि पोटात एवढी जागा असताना त्याच्यावरच चार-सहा क्षेपणास्त्रं का टांगत नाहीत, हा दुसरा.

आधीच सांगतो, मी हवाई दलात नव्हतो. पुण्यात लोहगावच्या धावपट्टीजवळ वाढलो. सुखोई डोक्यावरून गेलं की आमच्या बाई खडू हातात धरून थांबायच्या, तेवढंच माझं नातं. पण तेव्हापासून या विषयावर हाताला लागेल ते वाचत आलोय.

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तो प्रयोग करून झाला आहे. अमेरिकेच्या बी-१७ बॉम्बरचं नावच मुळी ‘उडता किल्ला’. त्याच्या ‘जी’ (G) या आवृत्तीवर १३ मशीनगन होत्या. अशी शेकडो विमानं दाटीवाटीने उडवली की जर्मन लढाऊ विमानं जवळ फिरकणार नाहीत, असा हिशेब होता. १४ ऑक्टोबर १९४३ ला जर्मनीतल्या श्वाइनफुर्टच्या बॉलबेअरिंग कारखान्यांवर २९१ बॉम्बर निघाले, त्यातले ६० परतले नाहीत. एका विमानात १० माणसं, म्हणजे एका दुपारी सहाशे. पुढे चित्र पालटलं ते बंदुका वाढवून नव्हे, तर इंधनाच्या जादा टाक्या लावलेली मस्टँग लढाऊ विमानं बर्लिनपर्यंत सोबतीला जाऊ लागली म्हणून. (युद्धानंतर बॉम्बरच्या पोटातूनच एक चिमुकलं लढाऊ विमान सोडायचं आणि परत आकड्याला अडकवायचं, असाही खटाटोप झाला. त्याचं नाव गॉब्लिन. ते १९४८ मध्ये उडालं, पण परत आकड्यात अडकवताना नाकी नऊ आले आणि प्रकरण मिटलं.)

तुमच्या कल्पनेच्या सगळ्यात जवळ ब्रिटिश पोहोचले. १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांनी निमरॉड या सागरी टेहळणी विमानाच्या पंखांखाली साइडवाइंडर क्षेपणास्त्रं लावली. जगातलं सगळ्यात मोठं लढाऊ विमान म्हणून त्याची थट्टाही झाली. पण तिथे समोर येण्याची शक्यता होती अर्जेंटिनाच्या टेहळणीवरच्या बोइंग ७०७ सारख्या विमानांची, मिराजसारख्या लढाऊ विमानांची नव्हे. ती क्षेपणास्त्रं एकदाही डागावी लागली नाहीत.

मिराज किंवा सुखोईसमोर हे का चालत नाही? क्षेपणास्त्र म्हणजे शेवटी फेकलेला दगड. मोटर थोडा वेळ जळते, पुढचा प्रवास मिळालेल्या वेगावर. लढाऊ विमान ते उंचावरून, आवाजापेक्षा जास्त वेगात असताना सोडतं, त्यामुळे तेच क्षेपणास्त्र त्याच्या हातून लांब जातं आणि ताशी ८०० किलोमीटरने रमतगमत जाणाऱ्या टँकरच्या हातून जवळ पडतं. म्हणजे शत्रू तुमच्या माऱ्यात येण्याआधी तुम्ही त्याच्या माऱ्यात आलेले असता. त्यात त्याला वळता येतं, पळता येतं. तुम्हाला नाही.

म्हणून मोठ्या विमानाचं खरं चिलखत म्हणजे अंतर. नऊ किलोमीटर उंचीवरच्या रडारला पृथ्वीच्या गोलाईमुळे जमिनीलगतचं लक्ष्य साधारण ३९० किलोमीटरपर्यंतच दिसू शकतं. उंचावरचं लक्ष्य त्याहून लांबचं. त्यामुळे अवाक्सने सीमेला खेटून उडण्याची गरजच नसते. ते दीड-दोनशे किलोमीटर मागे राहतं. त्याच्या आणि शत्रूच्या मध्ये आपली लढाऊ विमानं गस्त घालतात आणि त्यातली काहींना दुसरं कामच नसतं: या एका विमानाकडे कोणी वळलं की त्याला अडवायचं. आणि येणारा सगळ्यात आधी अवाक्सलाच दिसतो, हेही विसरू नका.

दिसल्यावर काय करायचं? पाठ फिरवून पळायचं. हे ऐकायला भित्रेपणाचं वाटतं, पण गणित बघा. रशियाचं आर-३७एम किंवा चीनचं पीएल-१७ हे क्षेपणास्त्र अशी मोठी विमानं पाडण्यासाठीच घडवलेलं आहे, आणि त्यांच्या बाबतीत ३००-४०० किलोमीटरचे आकडे सांगितले जातात. सरासरी आवाजाच्या चौपट वेग धरला तरी ३०० किलोमीटर कापायला चार मिनिटांच्या वर लागतात. तेवढ्यात आपलं मोठं विमान पन्नासेक किलोमीटर सरकतं. ते क्षेपणास्त्राच्या दिशेने येत असेल तर दगडाला २५० किलोमीटर पुरतात, पळत असेल तर ३५० लागतात. नुसतं तोंड फिरवण्याने शंभर किलोमीटरचा फरक! त्यात खाली सूर मारला की शेवटी दाट हवेत शिरताना क्षेपणास्त्राचा उरलासुरला वेगही झडतो. माहितीपत्रकातला पल्ला हा बहुतेक वेळा समोरून येणाऱ्या, काहीही न कळलेल्या लक्ष्यासाठीचा असतो.

पण या पळण्याची किंमत आहे आणि बातम्यांमध्ये ती कोणी सांगत नाही. अवाक्स आणखी २०० किलोमीटर मागे गेलं की शत्रूच्या हद्दीतलं तेवढंच चित्र पुसलं जातं. टँकर मागे गेला की आपल्या लढाऊ विमानांचा पोहोचण्याचा टप्पा आखडतो. म्हणजे लांब पल्ल्याचं क्षेपणास्त्र न डागताच निम्मं काम करून जातं. माझ्या मते ते पाडण्यापेक्षा हाकलण्यासाठीच जास्त उपयोगी आहे.

आता विमानावरच्या उपकरणांबद्दल थोडक्यात. रडार आपल्यावर रोखलं गेलंय हे सांगणारे वॉर्निंग रिसीव्हर, शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणारे जॅमर, रडारला चकवायला हवेत सोडलेला धातूचा मुलामा दिलेल्या तंतूंचा चाफ, उष्णता शोधणाऱ्या क्षेपणास्त्रासाठी जळते फ्लेअर, आणि त्या क्षेपणास्त्राचे डोळे दिपवणारा लेझर. आपल्या व्हीव्हीआयपी बोइंग ७७७ साठी असा लेझर आणि बाकीचा संच विकायला अमेरिकेने २०१९ मध्ये मंजुरी दिली, अंदाजे किंमत १९ कोटी डॉलर. मालवाहू विमानांवर हे सगळं मुख्यतः विमानतळाजवळ खांद्यावरून डागल्या जाणाऱ्या क्षेपणास्त्रांसाठी असतं. मोठ्या रडारवेधी क्षेपणास्त्रापुढे फ्लेअरचा उपयोग शून्य. फेब्रुवारी २०२४ मध्ये रशियाचं ए-५० अवाक्स पडलं तेव्हाच्या व्हिडिओत ते फ्लेअर सोडताना दिसतं. बघवत नाही. ते जमिनीवरून डागलेल्या क्षेपणास्त्राने पाडल्याचं युक्रेनने सांगितलं. जानेवारीतही एक ए-५० असंच गेलं होतं.

लढाऊ विमानांची सोबत नसली तर काय होतं, याचं आपल्या दाराशी घडलेलं उदाहरण म्हणजे १० ऑगस्ट १९९९. कारगिल नुकतंच थांबलं होतं. पाकिस्तानी नौदलाचं अटलांटिक हे टेहळणी विमान कच्छच्या सीमेवर आलं आणि नलियाहून गेलेल्या मिग-२१ ने आर-६० क्षेपणास्त्राने ते पाडलं. १६ जण गेले. ते कोणाच्या हद्दीत होतं यावर दोन्ही देशांची दोन मतं आहेत. पण सोबतीला एकही लढाऊ विमान नसलेलं मोठं विमान मिग जवळ आल्यावर काहीच करू शकत नाही, यावर वाद नाही.

आणि आता अंतराचं चिलखतही पातळ होतंय. ऑगस्ट २०२५ मध्ये हवाई दल प्रमुख ए. पी. सिंग यांनी बंगळुरूत सांगितलं, की ऑपरेशन सिंदूरमध्ये एक मोठं पाकिस्तानी विमान जवळपास ३०० किलोमीटरवरून, जमिनीवरच्या क्षेपणास्त्राने पाडलं. पाकिस्तानने ते नाकारलं. इथे मात्र गोलाई विमानाच्या मदतीला येऊ शकते: जमिनीवरच्या रडारला ३०० किलोमीटरवर दिसायला विमान साधारण पाच किलोमीटरच्या वर असावं लागतं, खाली गेलं की क्षितिजाआड. लढाऊ विमानाच्या रडारपासून असं लपता येत नाही, कारण ते स्वतःच उंचावर असतं. आपल्याकडे इल्युशिनवर बसवलेली फाल्कन अवाक्स तीनच आहेत, त्यामुळे हे गणित आपल्यालाही उलटं लागू पडतं.

तुमची कल्पना अगदीच मोडीत निघालेली नाही बरं का. अमेरिकी हवाई दलाने २०२० मध्ये रेथिऑन या शस्त्रास्त्र कंपनीला एक लहानसं क्षेपणास्त्र बनवायचं काम दिलं. त्याचं लक्ष्य शत्रूचं विमान नाही, तर आपल्याकडे येणारं क्षेपणास्त्रच. लेझरने तेच करायचा त्यांचा दुसरा प्रकल्प २०२४ मध्ये हवेत चाचणी न होताच गुंडाळला गेला. हे लहान क्षेपणास्त्र जमलं, तर पोटातल्या त्या मोकळ्या जागेचा प्रश्न पुन्हा विचारायला हरकत नाही.