मांजर ‘राक्षस’ कसं?

प्रश्न असा आला आहे : “भाच्यांना ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ मराठीतून खेळता यावं म्हणून नियम उतरवून काढते आहे. ‘मॉन्स्टर’ला सरळ ‘राक्षस’ लिहीत गेले. मग त्याच पुस्तकाच्या शेवटी मांजर, बेडूक, हरीण आणि साधा गावकरीही निघाला. धाकटा विचारतो, मांजर राक्षस कसं? दुसरा कुठला शब्द घेऊ?”

(खेळ ठाऊक नसलेल्यांसाठी : टेबलाभोवती बसून प्रत्येक खेळाडू एकेक पात्र होतो, एकजण गोष्ट रचत खेळ चालवतो आणि काय घडलं ते फासे ठरवतात.) धाकट्याला शाबासकी द्या, त्यानं बरोबर जागी बोट ठेवलंय. या खेळात ‘मॉन्स्टर’ हा शब्द कुणाच्या रूपाबद्दल किंवा स्वभावाबद्दल बोलतच नाही. २०१४च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’च्या, म्हणजे खेळातल्या जीवांची यादी देणाऱ्या पुस्तकाच्या, प्रस्तावनेत त्याची व्याख्या दिली आहे. खेळात ज्याच्याशी गाठ पडू शकते, आणि वेळ आलीच तर ज्याच्याशी लढता येतं, तो कुठलाही जीव म्हणजे मॉन्स्टर. बेडूकही त्यात येतो, हेसुद्धा तिथेच स्पष्ट म्हटलंय. हिट पॉइंट, म्हणजे किती मार सोसता येईल त्याचा आकडा, तोही सगळ्यांना आहे : मांजरीला २, बेडकाला १, गावकऱ्याला ४. म्हणजे हा शब्द टेबलाची बाजू सांगतो : हा जीव कुठल्या खेळाडूचा नाही, तो खेळ चालवणाऱ्याच्या हातात आहे.

आपल्या ‘राक्षस’ला हे ओझं पेलत नाही. मराठीत तो शब्द आकार, भूक आणि क्रौर्य सांगतो : राक्षसी भूक, राक्षसी बहुमत. शिवाय ते एक कुळ आहे. बिभीषण सज्जन असूनही राक्षसच राहतो आणि घटोत्कच पांडवांकडून लढूनही राक्षसच. कुठल्या बाजूचा, याच्याशी त्या शब्दाला देणंघेणं नाही. खेळातल्या ‘मॉन्स्टर’च्या नेमकं उलटं.

त्यात आणखी एक पंचाईत आहे. ‘राक्षस’ नावाचा एक स्वतंत्र मॉन्स्टर त्यांच्या पुस्तकात १९७७पासून ठाण मांडून बसला आहे. वाघाचं तोंड, अंगावर उंची वस्त्रं आणि तळहात उलटे. (आपल्याकडे उलटे असतात ते हडळीचे पाय. तिकडे जाईपर्यंत काय काय फिरलं कोण जाणे.) तुम्ही सगळ्यांनाच राक्षस म्हटलंत, तर या गृहस्थांना काय म्हणणार?

आता शब्द निवडण्याआधी तुमच्या हातात कुठली आवृत्ती आहे ते पाहा. खेळाडूंची पात्रं आणि मॉन्स्टर यांना एकच माप लावायचं की दोन, यावर या खेळाचं मत बदलत आलं आहे. खेळाचे जनक गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या १९७४च्या मूळ नियमांत एक गमतीची मुभा आहे. खेळाडूला ड्रॅगन व्हायचं असेल तर होऊ द्या, फक्त लहान ड्रॅगनपासून सुरुवात करायची आणि बाकीच्यांसारखं पायरी पायरीनं वर चढायचं. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीनं हे टोकाला नेलं. ताकद, चपळाई, कौशल्यं, सगळं दोघांनाही एकाच हिशेबानं. ‘गावकरी’ हासुद्धा योद्धा किंवा जादूगारासारखा एक वर्ग, त्यालाही चढत जायच्या पातळ्या. याचा परिणाम असा की त्या नियमांत घरची मांजर गावकऱ्याला लोळवू शकते, हा विनोद खेळणाऱ्यांत आजही चालतो. त्या आवृत्तीचं भाषांतर करत असाल, तर दोघांनाही ‘पात्र’ म्हणून भागलं असतं.

२००८च्या चौथ्या आवृत्तीनं ही सोयरीक मोडली. मॉन्स्टरचे आकडे वेगळे, घडण वेगळी. त्यात ‘मिनियन’ नावाचा प्रकार आला : एक हिट पॉइंट, एक फटका, खेळ खलास. याला मराठी शब्द शोधायला लांब जायला नको, ‘चिल्लर’ लिहा. “दहा चिल्लर आणि एक म्होरक्या” हे मुलांना न समजावता कळेल.

तुमची यादी २०१४ची, म्हणजे पाचव्या आवृत्तीची दिसते. तिथला फरक मरताना दिसतो. खेळाडूच्या पात्राचे हिट पॉइंट शून्यावर आले की ते बेशुद्ध पडतं आणि दर पाळीला वीस बाजूंचा फासा टाकत जीवनमरणाच्या वेशीवर लटकत राहतं. तीनदा दहा किंवा वर पडलं तर सावरलं, तीनदा खाली पडलं तर गेलं. मॉन्स्टर शून्यावर आला की बहुधा तिथेच मेला. त्याच्यासाठी फासे टाकत बसायला कुणाला वेळ आहे?

म्हणून माझं मत : खेळाडूच्या माणसाला ‘पात्र’, आणि मॉन्स्टरला ‘समोरचा’. पत्त्यांच्या डावात, कॅरमवर मुलं हा शब्द वापरतातच. “आता समोरच्याची पाळी”, “समोरच्याचे हिट पॉइंट किती?” मांजर समोरची, गावकरी समोरचा, ड्रॅगनही समोरचा. ऑर्क हा आडदांड लढवय्या जीव वर्षानुवर्षं शत्रूंच्या यादीत होता, २०२४च्या ‘प्लेयर्स हँडबुक’मध्ये, म्हणजे खेळाडूंच्या नियमपुस्तकात, खेळाडूला थेट ऑर्क होता येतं. त्याचं कुळ तेच राहिलं, बाजू तेवढी बदलली. ‘समोरचा’ म्हटलं की हे सहज सांगता येतं. पुस्तकाच्या शीर्षकात मात्र ‘मॉन्स्टर’ तसाच ठेवा, मुलांना तो ठाऊक आहे.

‘वेताळ’, ‘खवीस’, ‘मुंजा’ असे शब्द सुटे सुटे वापरायचा मोह होईल. खवीस, मुंजा चालतील. वेताळाला जरा जपून. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत तो वेतोबा आहे, ग्रामदेव. लोक त्याला नवसाच्या चपला वाहतात. तुमचे भाचे तिकडचे असतील, तर त्याला हिट पॉइंट देण्याआधी त्यांच्या आजीला विचारा.