नारिंगी शर्ट कशाला?

प्रश्न: नातू टोरांटोत दुसरीत आहे. ३० सप्टेंबरला शाळेत नारिंगी शर्ट घालायचा म्हणे. तिथल्या मूळ रहिवाशांवर अन्याय गोऱ्यांनी केला. आपण कालपरवा गेलेलो. मग आपल्या पोराने का घालायचा?
— एक आजी, पाचपाखाडी, ठाणे

उत्तर: ताई, आधी शर्टाची गोष्ट ऐका. १९७३ साली फिलिस वेबस्टॅड या कॅनडाच्या मूळ रहिवाशांपैकी सहा वर्षांच्या मुलीला शाळेसाठी नवाकोरा नारिंगी शर्ट मिळाला. घेऊन दिला होता आजीनेच, बरं का. मूळ रहिवाशांच्या मुलांना घरापासून दूर ठेवणाऱ्या निवासी शाळेत पहिल्याच दिवशी तो काढून घेतला, परत दिलाच नाही. अशा शाळांनी दीड लाखाहून अधिक मुलं घरापासून, भाषेपासून तोडली. २००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. त्या मुलांची आठवण म्हणून हा शर्ट.

नातवाचा गुन्हा नाहीच. पण टोरांटोची जमीन १८०५ मध्ये मिसिसागा या मूळ रहिवासी लोकांकडून दहा शिलिंगांत घेतलेली. २०१० मध्ये त्यापोटी सरकारला साडेचौदा कोटी डॉलर द्यावे लागले. नातवाची शाळा तिथलीच. येऊरचे वारली पाडेही आपल्या सोसायट्यांच्या आधीचे; तिथे आपण फिरायला जातो, विचारतो कोणाला?

शर्ट जरूर घ्या. फिलिसची गोष्ट व्हिडिओ कॉलवर तुम्हीच सांगा. आणि एक माप मोठा घ्या, पुढच्या वर्षीही चालेल.