पाहुणे येण्याआधी परसात

चि. पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतची यादी, दोन्ही वाचलं. आजोळच्या घरात राहायला आलीस, वाईचा उन्हाळा पहिल्यांदाच पुरता अनुभवशील, आणि मे महिन्यात मामा-मावश्यांची पोरंबाळं धरून सगळं गोकुळ येऊन टेकणार. त्याआधी परसदार असं करायचंय की पक्षीही यावेत आणि पाहुणेही रमावेत. विचार उत्तम आहे. यादी मात्र पटली नाही. टांगायचे प्लॅस्टिकचे फीडर, लॉन, मागच्या अंगणात पेव्हर ब्लॉक, झाडांवर दिव्यांच्या माळा, आणि शेवटी शेवगा तोडणाऱ्याची मजुरी! यातलं निम्म्याहून जास्त खोडून टाक. परसात काय आणायचं ते नंतर बघू, कशाला हात लावायचा नाही ते आधी ठरव. पक्षी काय नि पाहुणे काय, सावली, पाणी आणि कुणी मागे मागे करणार नाही असा एखादा कोपरा मिळाला की आपसूक रमतात.

शेवगा आधी घेते, कारण तोडणारा म्हणे आठवड्यात येतोय. त्याची एक मोठी फांदी वाळली आहे, बेढब दिसते, हे तुझं कारण. त्या फांदीच्या खालच्या अंगाला नीट बघ. शेवगा, पांगारा अशा मऊ लाकडाच्या झाडांची वाळकी फांदी तांबट पक्ष्याला हवीच असते. चिमणीपेक्षा जरासा थोराड, हिरवा, कपाळावर आणि छातीवर लाल ठिपका, गळा पिवळा. भर दुपारी पुक् पुक् पुक् असा एकसुरी आवाज चालू असतो ना, तोच हा. चोचीने लाकूड टोकरून तो जेमतेम दीड-दोन इंचांचं गोल भोक पाडतो, तेही बहुतेक वेळा फांदीच्या खालच्या बाजूने, म्हणजे पावसाचं पाणी आत जात नाही. फांदीखाली जमिनीवर ताजा भुसा सांडलेला दिसला तर समज, काम चालू आहे. मग त्या भोकातून नुसतं जाड मिशाळ तोंड बाहेर काढून तो तासन् तास बसलेला दिसेल. विकतचं कुठलंही घरटं त्याला चालत नाही. त्याला हवी असते ती किडकी, वाळकी फांदी, आणि आपण नेमकी तीच आधी तोडतो. शेवगा ठिसूळ असतो हेही खरं, तेव्हा त्या फांदीखाली बाज टाकू नकोस, पोरांना खाली खेळू देऊ नकोस. छपरावर झुकलेला भाग असेल तर तेवढाच उतरव. बाकी झाड राहू दे. शेंगा तर मिळतीलच, आणि फुलोऱ्यात असेल तेव्हा शिंजीर, म्हणजे फुलांतला मध पिणारे इवले पक्षी, येतील ते वेगळेच.

पाण्याचं सोपं आहे. कुंभाराकडून दोन-तीन पसरट परळ आण. प्लॅस्टिक आणि पत्रा उन्हात इतके तापतात की पाणी असून नसल्यासारखं. परळात बोट-दीड बोट पाणी पुरे. लहान पक्ष्याला खोल पाण्याची भीती वाटते आणि आतून गुळगुळीत भांड्यात त्याचे पाय सरकतात, म्हणून मधोमध एखादा खडबडीत दगड ठेव. जागा मात्र विचार करून निवड. झुडपापासून सात-आठ फुटांवर असावी: घाबरला तर पक्ष्याला पटकन आडोसा मिळतो, आणि मांजराला तिथूनच थेट झडप घालता येत नाही. पाणी रोज ओतून टाकायचं, काथ्याने घासायचं, नवं भरायचं. साठलेल्या पाण्यात आठवड्या-दीड आठवड्यात डासांची नवी पिढी उडते, आणि मग पाहुण्यांच्या आधी तूच डेंग्यूने आडवी व्हायचीस. हे परळ घासायचं काम पाहुण्यांतल्या सगळ्यात लहान पोराला दे. बघ, तो सकाळी कुणी न उठवता उठतो की नाही.

त्याहून चांगली जागा तुझ्याकडे आधीपासून आहे आणि ती तू यादीत ‘दुरुस्ती’ म्हणून लिहिली आहेस. न्हाणीघराचं पाणी जिथे केळीत आणि अळवात जातं तो चिखल. तो बुजवू नकोस. फक्त तिथे फिनेल नि ॲसिड जाऊ देऊ नकोस. त्या ओलाव्यात किडे होतात, किड्यांमागे दयाळ येतो, नाचण शेपटीचा पंखा उघडून नाचत येते. दयाळ हा काळा-पांढरा, शेपटी उभी करून हिंडणारा. उन्हाळ्यात त्याचा गळा असा काही मोकळा होतो की पहाटे तांबडं फुटायच्या आत तो शिट्ट्या घालायला लागतो. गच्चीवर झोपलेल्या तुझ्या पुण्या-मुंबईच्या भावंडांना आधीच सांगून ठेव, नाहीतर कुणाचा तरी मोबाइल वाजतोय म्हणून पाच वाजता भांडणं व्हायची.

दाण्यांबद्दल मी जरा कडक आहे. पोतंभर धान्य ओतून पुण्य मिळवायची हौस आवर. पसाभर बाजरी, राळा किंवा तांदळाच्या कण्या, सकाळी, तेवढ्याच की दुपारपर्यंत संपतील. जास्त टाकलंस तर पारवे येतात, मग चिमण्यांना कुणी विचारत नाही. पारव्यांची विष्ठा सुकून तिची धूळ श्वासात जाणं फुप्फुसांना वाईट. रात्री उरलेल्या दाण्यांवर उंदीर येतात ते आणखी. फरसाण, पाव, खारे दाणे अजिबात नकोत, मग कितीही प्रेमाने कुणी टाको. आणि एक लक्षात ठेव, दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या-किडेच भरवते. म्हणून परसात कीटकनाशक फवारून वर दाण्यांची वाटी ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे.

त्याच कारणाने पालापाचोळा जाळायचा नाही. आंब्याखालचा पाला एका कोपऱ्यात ओढून ठेव आणि विसरून जा. सातभाईंची टोळी येईल, कलकल करत एकेक पान उलटून खालचे किडे वेचेल. पाहुणे म्हणतील, कचरा का ठेवलाय? म्हणू देत.

लॉन नको, हे वेगळं सांगायला हवं का? एप्रिल-मेमध्ये विहिरीचं पाणी ओतून जे गवत जगवायचं, त्यात ना किडा ना दाणा. पेव्हर ब्लॉकही मागच्या अंगणात नकोत. दुपारी तापलेले ते ठोकळे रात्री दहापर्यंत धग सोडतात. त्यापेक्षा अंगण शेणाने सारव, संध्याकाळी सडा घाल, आणि एका कडेला हातभर कोरडी माती मोकळी ठेव. चिमण्या तिथे धुळीत अंघोळ करतात, पिसांतल्या उवा-पिसवा झाडायला.

चिमण्यांसाठी लाकडी खोकं लावायचा तुझा विचार मात्र कायम ठेव, तो चांगला आहे. २० मार्चचा चिमणी दिवस नाशिकच्या मंडळींच्या पुढाकाराने २०१० पासून साजरा होतो, त्या निमित्ताने अशी खोकी ठिकठिकाणी मिळतात. भोक सव्वा इंचाचं असलं की चिमणी आत जाते आणि साळुंकीला जाता येत नाही. वळचणीखाली, आठ-दहा फुटांवर, सावलीत आणि मांजर पोचणार नाही असं टांग. भोकाखाली बसायची काडी लागत नाही. ती असली तर कावळ्याचीच सोय. आजोबांच्या वेळी कौलांच्या खाचांत चिमण्या होत्या, स्लॅब घातल्यावर खाचा गेल्या. तुझ्या मागच्या पडवीवर अजून कौलं आहेत. तीही बदलायचा सल्ला देणारे भेटतील, त्यांना चहा पाजून परत पाठव.

पानं शिवणाऱ्या शिंपी पक्ष्याचं घरटं मात्र शोधू नकोस, ते आपणहून तुला सापडेल. लिंबावर, अडुळशावर, कर्दळीवर, कुठेही. पान जिवंत, झाडाला लागलेलंच असतं. चोचीने कडेला भोकं पाडून त्यातून कापसाचा नाहीतर कोळिष्टकाचा धागा ओढतो. धाग्याचं टोक बाहेरच्या बाजूला विस्कटून फुगतं आणि तिथेच अडकून राहतं, गाठ मारावी लागत नाही. आत कापसाची मऊ गादी. म्हणून मार्च ते ऑगस्ट कुंपणाची छाटणी बंद. आणि कोळिष्टकं काढायचीच असतील तर घरातली काढ, पडवीबाहेरची शिंजीर आणि शिंपी नेतात.

आता पाहुण्यांचं. माठ उत्तरेच्या पडवीत, ओल्या वाळूवर ठेव, आत वाळ्याची जुडी सोड. शेजारी पेला आणि ओगराळं. ज्याला तहान लागेल तो घेईल. तू दर अर्ध्या तासाने सरबताचं तबक घेऊन फिरू नकोस, माणसं संकोचतात. दुपारी जेवण झालं की आंब्याखाली सतरंजी टाकायची आणि तिथून निघून जायचं. कोण पत्ते खेळेल, कोण घोरेल, कोण रुसून विहिरीकडे बघत बसेल. त्यांना करमतंय का, हे विचारत राहिलीस की कुणालाच करमत नाही. आमच्या पिढीच्या बायका पाहुणचारात एवढ्या राबायच्या की पाहुणा जायची वाट बघायच्या, ते तू उचलू नकोस.

वाळवणं घालणार आहेस ना? मग कावळे-चिमण्यांशी भांडण आलंच. कुरडयांवर नायलॉनची जाळी पसरू नकोस, पक्ष्यांचे पाय तिच्यात अडकतात आणि सोडवताना मोडतात. जुनं सुती लुगडं चार खुंट्यांना ताणून बांध. मोठ्या पोरांना राखणीला बसव. निम्म्या कुरडयांचा ओला चीक तीच खातील, हे गृहीत धरून जास्तीचा गहू भिजव.

आंब्याच्या साली आणि कोयी केराच्या डब्यात नकोत. कोपऱ्यात एका फरशीवर टाक, बुलबुल आणि साळुंक्या येतात, फुलपाखरं रस शोषत बसतात. संध्याकाळी मात्र उरलंसुरलं मातीत पूर, नाहीतर माश्यांनी जीव नकोसा होईल. दिव्यांच्या माळा लावायच्याच असतील तर पडवीच्या खांबांना लाव, झाडांना नको, आणि जेवणं झाली की बंद.

मेमध्ये कावळ्यांची घरटी असतात आणि त्या झाडाखालून जाणाऱ्याच्या डोक्यावर ते टोच मारतात. कुणाला तरी मारतीलच. मग थोरली मावशी अपशकुन म्हणून शांतीची पूजा करायला निघेल. तिला सांग की वर पिल्लं आहेत, आणि दाराशी एक छत्री टांगून ठेव. त्या पिल्लांत एखादं कोकिळेचंही असू शकतं, कावळीच त्याला भरवत असते. हे पोरांना दुर्बिणीतून दाखव, टीव्ही विसरतील.

झाडं लावायची घाई आता नको, उन्हात जळतील. जूनचा पहिला चांगला पाऊस झाला की कढीपत्ता, तुती, गावठी एकेरी जास्वंद, आणि बांधाच्या टोकाला एक उंबर. उंबर घराजवळ नको, मुळं भिंतीत शिरतात. पण त्याला फळं धरली की तांबट, बुलबुल, कोकीळ, आणि नशीब असेल तर हरियलही येतो, आपला राज्यपक्षी.

शेवटचं, पोरांसाठी. परसात पिल्लू पडलेलं सापडलं की ती ओरडत ते ओंजळीत घेऊन तुझ्याकडे येणार. अंगभर पिसं असतील, टुणटुणत असेल, तर ते उडायला शिकतंय. जवळच्या झुडपात ठेवायचं आणि लांब व्हायचं, आईबाप तिथेच कुठेतरी ओरडत असतात. उघडं, पिसं न फुटलेलं असेल तर घरटं शोधून त्यात परत ठेवायचं. माणसाचा हात लागला की आई टाकून देते, हे खोटं आहे. दूध, पाणी चोचीत ओतायचं नाही, खोक्यात घालून पाळायचं नाही. आणि शेजाऱ्यांच्या बोक्याला तेवढा तासभर घरात कोंडून ठेवायला सांग.

तुझ्या,
बाई