एस्केप दाबूनही फुल स्क्रीन जात नसेल तर

प्रश्न थोडक्यात असा: विंडोज ११ च्या लॅपटॉपवर क्रोम फुल स्क्रीन झाला आहे आणि एस्केप दाबून हलत नाही. एफ११ दाबलं की आवाज कमी-जास्त होतो. वर, प्रोजेक्टरची केबल काढल्यापासून एक्सेलची फाइल उघडते पण दिसत नाही.

आधी एफ११ चं. लॅपटॉपच्या वरच्या ओळीतल्या कीजना दुहेरी काम असतं, म्हणून एफएन धरून एफ११ दाबा. दर वेळी एफएन दाबायचा कंटाळा असेल तर बऱ्याच लॅपटॉपांवर एफएन आणि एस्केप एकत्र दाबून ही अदलाबदल कायमची करता येते. काही मॉडेलमध्ये मात्र ती सेटिंग बायॉसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू होण्याआधी उघडणाऱ्या सेटिंग्जमध्ये असते.

एस्केप का चालला नाही? बहुतेक वेळा दोन फुल स्क्रीन एकावर एक चढलेल्या असतात. एफ११ ने ब्राउझर मोठा केला, त्यात यूट्यूबवर एफ दाबून व्हिडिओ मोठा केला. एस्केपने फक्त व्हिडिओ लहान होतो, ब्राउझर तसाच राहतो. त्याला पुन्हा एफ११ च लागतं. म्हणजे फुल स्क्रीन कोणी केली ते ओळखायचं आणि त्याचीच की दाबायची. गेम आणि टर्मिनलमध्ये (कमांड टाइप करायची विंडो) ती बऱ्याचदा ऑल्ट + एंटर असते. विंडोज की + वरचा बाण ही वेगळीच गोष्ट: त्याने विंडो फक्त मॅक्सिमाइझ होते, टास्कबार जागेवर राहतो. खालच्या बाणाने ती आधी मूळ आकाराला येते, पुन्हा दाबला की मिनिमाइझ होते. फुल स्क्रीनमधून न निघता दुसरीकडे जायचं असेल तर ऑल्ट + टॅब पुरतं. पॉवरपॉइंटचा स्लाइड शो चालू असताना टास्कबार हवा असेल तर कंट्रोल + टी. हे फार कमी जणांना ठाऊक असतं, वर्गात फार उपयोगी पडतं.

आता एक्सेल. फाइल हरवलेली नाही, तिची विंडो आता न जोडलेल्या प्रोजेक्टरच्या पडद्यावर उघडते आहे. पहिल्यांदा विंडोज की + पी दाबून 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. बरेचदा एवढ्यानेच ती परत येते. नाही आली तर ऑल्ट + टॅबने एक्सेलवर या आणि विंडोज की + शिफ्ट + डावा किंवा उजवा बाण दाबून बघा. तरीही नाही, तर ऑल्ट + स्पेस. विंडोच्या कोपऱ्यातला छोटा मेनू उघडतो. एम दाबा, म्हणजे मूव्ह. मग कोणताही बाण एकदाच दाबा आणि हात माउसवर न्या: विंडो कर्सरला चिकटून येते, क्लिक केलं की सुटते. हा बाण विसरला तर नुसता माउस हलवून काही होत नाही, इथेच सगळे अडकतात. मूव्ह फिकट दिसत असेल तर विंडो मॅक्सिमाइझ आहे, आधी आर दाबून रिस्टोअर करा. पॉवरटॉइज (मायक्रोसॉफ्टची जादा सोयींची मोफत साधनं) टाकलं असेल तर ऑल्ट + स्पेस त्याने पळवलेलं असू शकतं. तेव्हा शिफ्ट धरून टास्कबारवरच्या आयकॉनवर राइट क्लिक करा, तोच मेनू मिळतो.

एखादा प्रोग्राम फुल स्क्रीनमध्येच गोठला तर कंट्रोल + शिफ्ट + एस्केपने टास्क मॅनेजर (चालू प्रोग्रामांची यादी) उघडतो खरा, पण कधी कधी त्या गोठलेल्या विंडोच्या मागे. अशा वेळी आधी कंट्रोल + विंडोज की + डी दाबून नवा डेस्कटॉप काढा आणि टास्क मॅनेजर तिथे उघडा. यादीत प्रोग्राम निवडून डिलीट दाबलं की तो बंद होतो, न सेव्ह केलेलं मात्र जातं. परत यायला कंट्रोल + विंडोज की + डावा बाण, नवा डेस्कटॉप मोडायचा तर त्याच्यावर असतानाच कंट्रोल + विंडोज की + एफ४.

फुल स्क्रीन आपोआप होऊन 'व्हायरस सापडला, या नंबरवर फोन करा' असं भोंग्यासकट दिसलं तर ते निव्वळ वेबपान असतं. फोन करू नका. एस्केप दोन-तीन सेकंद दाबून धरा, मग कंट्रोल + डब्ल्यू. नाहीच बंद झालं तर टास्क मॅनेजरमधून ब्राउझर संपवा आणि पुन्हा उघडल्यावर 'रिस्टोअर पेजेस' ला हात लावू नका, नाहीतर तेच पान परत येईल.