परतीचा रकाना

प्रिय बाळा,

परवा रात्री पावणेबाराला तुझा फोन आला. ‘सर, रोज डिझेलचा हिशोब मागतात, पाहुण्याने एक स्टार कमी दिला की मेलवर मेल येतात. सोडून देऊ का?’ सोडायचं की राहायचं, ते तुझं तू ठरव. हात चालणाऱ्या पोराला नागपुरात काम मिळतं. मला खटकलं ते वेगळंच. डिझेल वाचवायला रात्रीची स्टाफची गाडी बंद केलीस, हे तू बोलता बोलता सहज सांगून टाकलंस.

अरे, ताडोबाच्या बफरमध्ये, वाघाच्या जंगलाला लागून असलेल्या पट्ट्यात हॉटेल चालवतोस तू! मे महिन्यात पहाटे चारला सफारीवाल्यांचा चहा, रात्री अकराला शेवटचं टेबल उठणार. मधल्या ब्रेकमध्ये 45-46 अंशांत पोरं घरी जातच नाहीत, लॉन्ड्रीमागच्या सावलीत पडून राहतात. मग साडेअकराला सायकलवर टांग टाकून गावाकडे निघतात. जो वाघ दिसावा म्हणून पाहुणा हजारो रुपये मोजतो, त्याच वाघाच्या वाटेने.

ड्युटी तक्त्यात नाव, शिफ्ट आणि सुट्टी असते. मी चौथा रकाना आखतो, परतीचा. कोण कशाने गेला, किती वाजता पोचला. तो भरल्याशिवाय मॅनेजरने झोपायचं नाही.

हे मला कुणी शिकवलं नाही. असाच मे होता, हॉटेल फुल्ल. उशिराच्या गाडीने येणाऱ्या पाहुण्यांसाठी स्टाफची गाडी मी चंद्रपूर स्टेशनला पाठवली. भांड्यांवरचा पोरगा दारात येऊन म्हणाला, ‘साहेब, रोजचीच वाट हाये न, जातो मी.’ मी हिशोबातून मान वर न करता ‘जा’ म्हणालो. वाटेत अस्वल आडवं आलं, सायकल नाल्यात गेली, मांडीचं हाड मोडलं. पहाटे तेंदूपत्त्याला निघालेल्या बायांना तो दिसला. दवाखान्यात नर्सने त्याच्या कमरेच्या एप्रनची गाठ कात्रीने कापली, ती मी समोर उभा राहून पाहिली. त्याच दिवशी पिकअप वेळेवर झाल्याबद्दल मला वरून शाबासकीचा मेल आला. आणि पोराबद्दल? ‘ड्युटी संपल्यानंतरची घटना.’

तेव्हापासून मी रकाना सोडला नाही. महिन्याच्या मीटिंगला दरवेळी गाडीच्या खर्चावरून माझी खरडपट्टी निघायची. बुफेतला एक गोड पदार्थ कमी करून मी तो खर्च भागवला, एकाही पाहुण्याने विचारलं नाही. बढती दुसऱ्यांना मिळाली, मला हट्टी म्हणाले. म्हणू देत. पावसाळ्यात जुलै ते सप्टेंबर कोअरची, म्हणजे आतल्या जंगलाची, गेटं बंद असतात, तेव्हा पोरं पांगतात. 1 ऑक्टोबरला गेट उघडलं की आजूबाजूचे मॅनेजर माणसं शोधत फिरायचे. माझी पोरं आदल्या संध्याकाळीच येऊन खोल्या झाडत असायची. त्यांचा पगार काही इतरांपेक्षा जास्त नव्हता. मग ती का यायची, याचा तूच विचार कर.

तुझ्या वरच्यांना कागद लागतो ना? दुकाने व आस्थापनांच्या 2017 च्या राज्य कायद्यात रात्री साडेनऊनंतर काम करणाऱ्या बाईला घराच्या दारापर्यंत सोडायची जबाबदारी मालकावर टाकली आहे. हाउसकीपिंगच्या ताईंसाठी ते कलम दाखव, आणि त्याच गाडीत पोरांनाही बसव. जंगलाला बाई-माणूस कळत नाही.

मी रागावून लिहितोय, मला कळतंय. तू कामात चोख आहेस. सकाळचे पॅक ब्रेकफास्ट तू स्वतः मोजून जिप्सीत ठेवतोस, हे मी पाहिलंय. तेवढ्याच काळजीने रात्री माणसं मोज. सोडायचं ठरवलंस तरी नोटिशीच्या शेवटच्या रात्रीपर्यंत मोज.

पत्र मिळालं की उद्याच्या तक्त्याचा फोटो पाठव. चौथ्या रकान्यासकट. राजीनाम्याचं त्यानंतर बोलू.

तुझा,
सर