देव न मानणाऱ्याने ‘साधना’ म्हणावे का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका चित्रकार बाईंचा प्रश्न आला आहे. शाहू स्मारक भवनाच्या कलादालनात त्यांचे प्रदर्शन भरायचे आहे. परिचयपत्रकात कुणीतरी ‘अनेक वर्षांची कलासाधना’ असे लिहून दिले. त्या लिहितात, ‘मी देव मानत नाही, पूजाअर्चा करत नाही. मग हा शब्द माझ्या नावापुढे खोटा नाही का? त्याऐवजी रियाज किंवा अभ्यास लिहू का?’

बाई, शब्द खोटा नाही. ‘साध्’ म्हणजे सिद्धीस नेणे, पार पाडणे. हाच धातू आपण रोज वापरतो. पैलवान डाव साधतो, शेतकरी वापसा साधून पेरतो, पाहुणा नेमकी जेवणाची वेळ साधून येतो. साधन, साध्य, साधक ही सगळी त्याच घरची माणसे. यात देव कुठेच नाही.

आता जोडून वापर पाहा. ‘देवाची उपासना’, ‘देवीची आराधना’ हे कानाला सहज वाटते. ‘देवाची साधना’ म्हणून बघा, लगेच अडखळायला होते. आपण योगसाधना म्हणतो, मंत्रसाधना म्हणतो, स्वरसाधना म्हणतो. उपासनेला उपास्य लागते, आराधनेला आराध्य लागते. साधनेला साध्य पुरते. ते मोक्ष असेल, नाहीतर शुद्ध गंधार असेल, नाहीतर रंकाळ्याच्या पाण्यावरचा सकाळचा उजेड असेल. साध्य कोणते हे ज्याचे त्याने ठरवावे, अशी मोकळीक या शब्दात आहे आणि मला तो त्यासाठीच फार मोलाचा वाटतो.

मराठीने ही मोकळीक वापरलीही आहे. साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ रोजी सुरू केलेल्या साप्ताहिकाचे नाव ‘साधना’. अंधश्रद्धा निर्मूलनासाठी आयुष्य वेचलेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्याचे अनेक वर्षे संपादन केले. त्या नावाने त्यांची कुठे अडचण झाली नाही.

तुम्ही सुचवलेले दोन्ही पर्याय धर्मापासून लांबचे वाटतात. प्रत्यक्षात ते अध्यात्माच्या जास्त जवळून आले आहेत. ‘अभ्यास’ हा शब्द आपण शाळेच्या दप्तरात टाकला. पण पतंजलीच्या योगसूत्रांत चित्तवृत्तींचा निरोध कशाने होतो, तर ‘अभ्यासवैराग्याभ्याम्’. तुकोबांचे ‘असाध्य ते साध्य करिता सायास । कारण अभ्यास’ तर पाठच असते सगळ्यांना, आणि त्यात साध्य व अभ्यास शेजारी शेजारी बसले आहेत. ‘रियाज’ अरबीतून फारसी-उर्दूच्या वाटेने आला. अरबीत त्या शब्दाचा अर्थ शरीराचा व्यायाम, आणि सूफींच्या परंपरेत मन ताब्यात आणण्यासाठी केलेले कठोर तप. म्हणजे धार्मिक भूतकाळ असलेले शब्द वगळायचे ठरवले, तर साधनेच्या आधी रियाज वगळावा लागेल.

कोल्हापूरकरांना हे समजायला सोपे जावे. ‘तालीम’ हा अरबी शब्द, अर्थ शिक्षण. गवय्याला गुरूकडून मिळते ती तालीम, नाटकाची होते ती तालीम, आणि गंगावेशीत लाल मातीचा आखाडा आहे तीही तालीमच. ‘मेहनत’ हा शब्दही गाणारे आणि कुस्ती करणारे, दोघांच्या तोंडी सारखाच. शाहू महाराजांच्या दरबारी अल्लादिया खाँ गात आणि त्याच गावात १९१२ साली खासबागेचे मैदान उभे राहिले. आवाज गमावल्यावर खाँसाहेबांनी तो नव्या वळणाने पुन्हा घडवला, त्यातूनच त्यांची गायकी तयार झाली. याला मेहनत म्हणा, रियाज म्हणा, साधना म्हणा, तिन्ही शब्द खरे ठरतात. कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात चित्रे काढत राहिलेल्या आबालाल रहिमानांबद्दलही तेच.

फरक आहे तो कोण बोलतो याचा. गायक स्वतःबद्दल ‘रियाजाला बसतो’ म्हणतो. त्याची साधना दुसरे लोक सांगतात. ‘मी साधना करते’ हे वाक्य व्याकरणाने बरोबर असूनही कानाला जड लागते, कारण त्यात सिद्धीचा दावा डोकावतो. मला खरी काळजी आहे ती सत्कारांच्या निमंत्रणपत्रिकांची. दोन शिबिरे केलेल्यालाही ‘कलासाधक’ म्हटले जाते आणि जन्मभर झिजलेल्या माणसासाठी शब्दच उरत नाही. देव न मानणाऱ्याने तो वापरला म्हणून शब्दाचे काही बिघडत नाही, उधळपट्टीने बिघडते.

बाईंनी आणखी एक विचारले आहे: चित्र काढताना तासन्‌तास भान राहत नाही, त्याला ‘आध्यात्मिक अनुभव’ म्हणावे का? म्हणता येईल, पण वाचणारा त्यात आत्मा-परमात्मा वाचणारच. ‘तल्लीन’ आहे की! तत् अधिक लीन, त्यात बुडालेला. ‘ते’ म्हणजे काय, हे शब्द सांगत नाही. घरगुती बोलायचे तर ‘तंद्री लागते’ म्हणावे.

पत्रक दुसऱ्याने तुमच्याविषयी लिहिले असेल तर ‘कलासाधना’ ठेवा, जोडून, मध्ये जागा न सोडता. तुमच्या स्वतःच्या मनोगतात मात्र ‘इतकी वर्षे चित्रे काढते आहे’ एवढेच लिहावे, असे मी सुचवेन.